स्त्रीबीज एकटे वाढत नाही
जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात आणि त्यांपैकी जेमतेम ४०० ते ५०० पुढे पक्व होऊन बाहेर पडतात, हे अनेकांच्या वाचनात आलेले असते. परंतु प्रत्येक बीजाभोवती साहाय्यक पेशींचे वेष्टन असते आणि बीजाचे जगणे-मरणे बहुतांशी त्यांच्यावरच अवलंबून असते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बीज आणि हे वेष्टन मिळून जी सूक्ष्म पिशवी होते, तिला पुटिका म्हणतात.

बीजाला लागून असलेल्या पेशी ग्रॅन्युलोसा पेशी होत. सुप्त पुटिकेत त्यांचा एकच चपटा थर असतो. वाढ सुरू झाली की त्या घनाकार होतात आणि त्यांचे थरावर थर चढतात. बीजाभोवती पारदर्शक कवच तयार झाले, तरी या पेशी आपले केसाहून बारीक फाटे त्यातून आरपार घालून बीजाच्या पटलाला भिडतात आणि, बीजाला ग्लुकोज स्वतः नीट वापरता येत नसल्यामुळे, त्यापासून बनवलेले पायरुव्हेट त्याला पुरवतात.

पोषणाइतकेच महत्त्वाचे काम बीजाचे विभाजन रोखून धरण्याचे आहे. सशाचे बीज पुटिकेतून बाहेर काढताच त्याचे थांबलेले विभाजन आपोआप पुन्हा सुरू होते, असे ग्रेगरी पिंकस आणि एन्झमान या संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवले. हा अटकाव ग्रॅन्युलोसा पेशींकडून येणाऱ्या सीजीएमपी या रेणूमुळे टिकतो, हे पुष्कळ नंतर उलगडले. मात्र हुकूम एकाच बाजूने चालत नाही. बीजातून स्रवणारे जीडीएफ-९ हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांच्या पुटिकांची वाढ प्राथमिक अवस्थेतच खुंटली, असे १९९६ मध्ये आढळले. म्हणजे पेशींना वाढवण्यात बीजाचाही वाटा असतो.

पुटिकेच्या बाहेरच्या अंगाला थिका पेशी असतात. त्या अँड्रोजेन बनवतात आणि ग्रॅन्युलोसा पेशी अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. हे काम दोघींपैकी कोणालाही एकटीने पुरे करता येत नाही.

आजकाल सर्रास सांगितली जाणारी एएमएच ही रक्तचाचणीदेखील बीजे मोजत नाही, तर वाढत्या पुटिकांतील ग्रॅन्युलोसा पेशींनी स्रवलेले संप्रेरक मोजते. त्यावरून शिल्लक बीजांच्या संख्येचा अंदाज बांधता येतो, गुणवत्तेचा नाही. म्हणून केवळ हा आकडा कमी आला एवढ्यावरून मातृत्वाची आशा कोणी सोडू नये.