गाडी तापते ती उन्हाने की पाण्याने?

मे महिन्यात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला निघालेली गाडी कडेला बॉनेट उघडून उभी दिसली की निदान जागच्या जागी होते : ऊनच तसे आहे. पारा 42 वर असताना हे कोणालाही पटावे. पण हिशेब करून पाहिला तर उन्हावरचा आरोप फारसा टिकत नाही. चालत्या इंजिनातले कूलंट साधारण 90 ते 100 अंशांवर फिरत असते आणि रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट व बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट 95 अंशांवर धरले, तर 25 अंशांच्या हिवाळी दुपारी हा फरक 70 असतो आणि 42 अंशांच्या उन्हाळ्यात 53. म्हणजे रेडिएटरची ताकद उन्हामुळे सुमारे पाव भागाने घटते. एवढी घट, वर एसीचा भार आणि चढ, हे सारे धरूनच कंपनी रेडिएटर बसवते. म्हणून 42 अंशांत गाडी तापली, तर उन्हाने आधीच असलेला दोष फक्त उघडा पाडला, असे म्हणावे लागते. तो दोष बरेचदा रेडिएटरात ओतलेल्या पाण्यात सापडतो.

आपल्या भागाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. त्यातून मुरणारे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन बोअरमध्ये येते, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. हे पाणी तापले की विरघळलेले क्षार चुनखडी होऊन धातूवर बसतात. पाणी तापवायच्या रॉडवर साचणारी पांढरी खपली लातूरच्या घराघरात ओळखीची आहे. तीच खपली रेडिएटरच्या जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांत धरली, की पाण्याची वाट बंद होऊ लागते. इंजिनच्या हेडमध्ये ती बसली तर आणखी वाईट, कारण चुनखडीतून उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने शंभरपटीने कमी वाहते. अशा वेळी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध असूनही थराखालचा धातू भाजत असतो. सेन्सर मोजतो ते पाण्याचे तापमान, धातूचे नव्हे.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरमागे 200 मिलिग्रॅम जडपणा योग्य मानते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. यावर कोणी म्हणेल, सहा लिटरच्या रेडिएटरात 600 च्या हिशेबाने साडेतीन ग्रॅम क्षार, एवढ्याने काय होणार? एकदा भरल्याने फारसे होणार नाही. पण दर आठवड्याला लिटरभर पाणी वाफ होऊन उडत असेल आणि तितकेच बोअरचे वरून ओतले जात असेल, तर वर्षाला तीस ग्रॅमहून अधिक क्षार आत साचतात. मुळात आजच्या गाडीची थंड करणारी यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यात वरचेवर पाणी घालावे लागणे, हाच रोगाचा पहिला पुरावा आहे. गळका होज, ढिले झाकण, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, किंवा उडालेले हेड गॅस्केट, यांपैकी काहीतरी नक्की आहे.

जुन्या जीप आणि अॅम्बॅसिडर साध्या पाण्यावर चालल्याच ना, हा आक्षेप वजनदार आहे. त्या चालल्या, कारण त्यांचे इंजिन ओतीव लोखंडाचे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, उघडून सळईने साफ करता येणारा होता. आताच्या अॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांना ती सोय नाही. दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे : ग्लायकॉल मिसळलेल्या कूलंटपेक्षा निव्वळ पाणी उष्णता जास्त धरते, आणि इथे पाणी गोठण्याची भीती नाही, मग कूलंट कशाला? पहिले विधान खरेच आहे. पण कूलंट गंज रोखते आणि उत्कलनबिंदूही वाढवते. सहाशे मीटरहून उंच लातुरात उघडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाचा दाब आणि ग्लायकॉल मिळून ही मर्यादा 120 च्या पुढे नेतात. झाकणाचे रबर गेले, की हा सारा लाभ गेला.

निदानाची पद्धत सोपी आहे आणि तीच सर्वात जास्त टाळली जाते. ट्रॅफिकमध्ये उभी असताना गाडी तापते आणि धावताना निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज पाहावा. हायवेवर चढाला तापते, तर पाण्याचा प्रवाह, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा पंप. वरचा होज चटका देतो आणि खालचा थंडच, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा नळ्या बुजल्या आहेत. काट्यावर मात्र फार विसंबू नये. अनेक नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, आणि पाणी इतके उतरले की सेन्सर वाफेत उघडा पडला, तर तापमान उलट कमी दिसू शकते. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की सेन्सरचा नेमका आकडा दिसतो, तो मागून घ्यावा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला इथे सर्रास दिला जातो. त्याने चोंदलेल्या रेडिएटरची नळी मोकळी होत नाही. इंजिन तापायला वेळ घेते, डिझेल जास्त जळते, आणि काही इंजिनांत बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला टाळूनच फिरते, म्हणजे आजार वाढतो.

लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप शहरात आली. ज्या शहराने असे दिवस काढले, तिथे रेडिएटरात हाताशी असलेले बोअरचे पाणी ओतले जाणे समजण्यासारखे आहे. पण गाडीला लागते ते काही वर्षांतून एकदा पाच-सहा लिटर कूलंट. कूलंट तयार मिसळलेले नसेल तर ते बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. आणि इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. गरम असताना उघडले, तर दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. झाकणाच्या आत पांढरी खपली किंवा चहाच्या रंगाचा गाळ दिसला, तर पुढचा उन्हाळा येण्याआधी रेडिएटर साफ करून घ्या.