दाढ काढल्यानंतरची वेदना

जबलपूर हे विडीच्या धंद्याचे जुने केंद्र. अशा शहरात दाढ काढून घरी परतलेल्या माणसाचा हात सवयीने विडीकडे वळतो, आणि तेथेच घात होतो.

टोचलेल्या औषधाची बधिरता काही तासांत ओसरते. दुखावलेल्या पेशींत प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्ये निर्माण होऊन मज्जातंतू हळवे झालेले असतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ही निर्मितीच रोखतात, असे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. म्हणून बधिरता उतरण्यापूर्वीच पहिली मात्रा घेणे श्रेयस्कर. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल मिळून एकेकट्याहून अधिक गुण देतात. मात्र जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने आयबुप्रोफेन वैद्यास विचारल्याविना घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरण्याची रीत तर निव्वळ अज्ञान होय. तिने हिरडी भाजते.

दाढेच्या खाचेत साकळलेले रक्त हेच जखमेचे आच्छादन. विडीच्या झुरक्याने ते सुटू शकते. धुरानेही जखम भरण्यास विलंब लागतो. मग हाड उघडे पडते. कमी होत आलेली वेदना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास उलटते, कानापर्यंत ठणका जातो, तोंडास दुर्गंधी येते. येथे नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. दंतवैद्य खाच धुऊन तीत बहुधा युजेनॉलयुक्त औषध भरतो. हे युजेनॉल म्हणजे आपल्या लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य.