नीरेच्या खोऱ्यातील खारी जमीन

देशावरची जमीन जितकी काळी तितकी कसदार, असा एक समज आपल्याकडे दृढमूल झालेला आहे. वस्तुतः तो काळेपणा सेंद्रिय द्रव्याच्या विपुलतेने आलेला नसून, सेंद्रिय कर्बाचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी शेकडा १ सुद्धा भरत नाही. नत्राच्या बाबतीत ही जमीन दरिद्रीच म्हणावी लागेल. स्फुरद तिच्यात असते, परंतु चुन्याशी संयोग पावून ते असे बद्ध होते की मुळांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते. पालाश मात्र बहुधा भरपूर. तिचा खरा लौकिक आहे तो पाणी धरून ठेवण्याचा. वैशाखात जिला हातभर खोल भेगा पडतात, तीच पावसाळ्यात फुगून इतकी ओल पोटात साठविते की, सोलापूरकडची रब्बी ज्वारी प्रायः त्या ओलीवरच पोसली जाते.

परंतु ओल म्हणजे चिखल नव्हे. मुळांना अन्न द्रवरूपानेच घेता येत असले, तरी त्यांना श्वासही घ्यावा लागतो. आणि मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाण्याबरोबर हवाही खेळती असेल तेव्हाच, म्हणजे जमीन वाफशावर असेल तेव्हाच, नत्राचे पिकाला मानवेल असे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू आपले काम नीट करतात. पाणी तुंबले की हेच नत्र वायुरूप होऊन उडून जाते.

भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त टापूत पोचले, जिराइतीची बागाईत झाली, ऊस उभा राहिला आणि पाणीपट्टीची रक्कम सरकारी खजिन्यात जमा होऊ लागली. मात्र पाणी आणण्याची जेवढी तजवीज झाली तेवढी ते काढून देण्याची झाली नाही. एका पिढीच्या आतच सखल भागातील जमिनी चिबड होऊन त्यांवर पांढरी फूट दिसू लागली, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्या सहकार्याने या खाऱ्या जमिनींवर १९१० साली एक स्वतंत्र पत्रिकाच प्रसिद्ध केली.

घडते ते असे. पाझरलेल्या पाण्याला खाली वाट न मिळाल्याने त्याची पातळी वर चढते. पृष्ठभागाशी आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे उरतात. मुळांभोवतीचे पाणी इतके खारट होते की ते ओढून घेण्याचे सामर्थ्यच मुळांत उरत नाही. शेतात पाणी असून पीक तहानेने सुकते, आणि ते सुकलेले पाहून शेतकरी आणखी एक पाळी देतो. (त्याला हसण्याचे कारण नाही, पान कोमेजले की पाणी द्यावे, हेच त्याला बापजाद्यांनी शिकविलेले असते.) पुढची अवस्था चोपणाची. मातीच्या कणांना चिकटलेले कॅल्शियम सोडियमने हुसकून लावले की कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात, आणि मग पाणी वरच्या वर साचून राहते.

केवळ खाऱ्या जमिनीत चर खणून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढले तरी पुष्कळ काम भागते. चोपणात मात्र आधी जिप्सम घातल्यावाचून ही धुलाई करणे हानिकारकच होय, कारण क्षार गेले तरी सोडियम तेवढा राहतो आणि जमीन अधिकच आवळते. धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडले असता त्याच्या कुजण्याने जमिनीतीलच चुनखडी थोडीथोडी विरघळून कॅल्शियम मोकळे होते. हा मार्ग मंद, पण स्वस्त. खरी अडचण चराची आहे. तो एका खातेदाराच्या हद्दीत संपत नाही. ओढ्याला मिळेपर्यंत त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतांतून जावे लागते, आणि ज्यांची जमीन उंचावर असून अद्याप शाबूत आहे, त्यांना या खटाटोपाची निकड वाटत नाही.