मुदतवाढ मिळाली, पुढे काय?

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर आपल्या समाजाची ओळख पिढ्यान्‌पिढ्या दुकान आणि पेढी यांनी घडविली. आता याच घरांतील मुले-मुली उच्च शिक्षण घेऊन अमेरिकेत स्थिरावू लागली आहेत. ‘स्थिरावणे’ हा शब्द मात्र येथे जपून वापरावा लागतो. दहा-बारा वर्षे तेथे नोकरी करणारा, कर भरणारा, घर घेतलेला मुलगाही कायद्याच्या दृष्टीने बहुधा तात्पुरता रहिवासीच असतो. व्हिसाला मुदतवाढ मिळाल्याचा फोन येतो आणि इकडे आई-वडील समजतात की, आता सारे मार्गी लागले. वस्तुस्थिती तशी नाही.

कुशल कर्मचाऱ्यांचा एच-१बी व्हिसा प्रथम तीन वर्षांपर्यंत मिळतो व एकूण सहा वर्षांपर्यंत वाढविता येतो. त्यानंतर देश सोडावा, हा मूळ नियम. परंतु ऑक्टोबर २००० मध्ये संमत झालेल्या कायद्याने त्याला अपवाद केला. ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जाला ३६५ दिवस उलटले असतील, तर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळू शकते. ‘आय-१४०’ हा अर्ज मंजूर झाला असेल, पण देशनिहाय मर्यादेमुळे क्रमांक आला नसेल, तर एका वेळी तीन वर्षांपर्यंतची मुदतवाढ मिळते. ही मागणी मुलगा स्वतः करीत नाही. त्याची कंपनी करते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

क्रमांक का येत नाही? नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात. त्यात पत्नी व मुलेही मोजली जातात आणि कोणत्याही एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतीय अर्जदार त्याहून कितीतरी अधिक असल्याने २०२५ च्या अखेरीसही उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या वर्गातील भारतीयांची रांग २०१३ सालच्या अर्जांपाशीच होती.

म्हणून मुदतवाढ ही भाडेकराराच्या नूतनीकरणासारखी समजावी. करार कितीही वेळा वाढला, तरी भाडेकरू घरमालक होत नाही. नोकरी गेली तर नवी कंपनी शोधण्यास सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. दिलासा एवढाच की, आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी रांगेतील जागा सहसा जात नाही. त्या मंजुरीपत्राची प्रत म्हणूनच प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी.

सर्वांत नाजूक प्रश्न मुलांचा. समजा, एक कुटुंब २०१५ साली पाच वर्षांच्या कन्येसह तेथे गेले. कंपनीने २०१८ मध्ये ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली. सहा वर्षे २०२१ मध्ये संपली. पुढे २०२४ पर्यंत आणि मग २०२७ पर्यंत मुदतवाढ मिळाली. पित्याच्या दृष्टीने सर्व सुरळीत आहे. परंतु २०३१ मध्ये कन्या २१ वर्षांची होईल. आय-१४० विचाराधीन राहिला तेवढे दिवस तिच्या वयातून वजा होतात. तरीही तोवर रांग २०१८ पर्यंत पोहोचली नाही, तर ती आई-वडिलांच्या अर्जातून वगळली जाईल आणि तिला विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा घ्यावा लागेल. पित्याची मुदत वाढते, कन्येचे वय मात्र थांबत नाही.

पत्नीचेही स्वतंत्र पाहावे लागते. आय-१४० मंजूर झालेल्यांच्या पत्नीला २०१५ पासून नोकरीची परवानगी मागता येते. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी वाढ बंद झाली. नवे कार्ड वेळेत न आल्यास तिला काम थांबवावे लागते. पतीच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल, तर निर्णय येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येते. पत्नीच्या परवानगीला ही सवलत नाही.

आपण इकडचे काय करू शकतो? लग्न, दीक्षा-महोत्सव, पर्युषण, कोणाचे आजारपण, अशा वेळी आपण सहज म्हणतो, “आठ दिवस येऊन जा.” तेथे राहण्याची मुदत आणि पासपोर्टावरील शिक्का या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिक्क्याची तारीख उलटली असेल, तर परतण्यापूर्वी वकिलातीत तो नव्याने घ्यावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये अनेकांच्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीवर आलेली माणसे इकडेच अडकून पडली. म्हणून बोलावण्यापूर्वी शिक्क्याची तारीख विचारावी. प्रकृती साथ देत असेल, तर आपणच पर्यटक व्हिसा काढून ठेवावा. मुलाला येणे अशक्य झाले, तर आपल्याला जाता येईल.

मुलाला “ग्रीन कार्ड कधी मिळणार?” असे विचारू नये, त्याचे उत्तर त्याच्या हाती नाही. त्याऐवजी तीन तारखा विचाराव्यात : मुदत कधी संपते, रांगेतील तारीख कोणती आणि मोठे अपत्य २१ वर्षांचे कधी होते. या तारखा घरातील वहीत लिहून ठेवाव्यात. कर्ज, घरखरेदी, नातवंडांचे शिक्षण यांचे निर्णय त्यांच्याकडे पाहूनच घ्यावेत. अनित्य भावनेचे चिंतन आपण नित्य करतो. व्हिसाच्या बाबतीतही तेच भान ठेवले, तर प्रतीक्षेचा काळ भयाने नव्हे, तयारीने घालविता येईल.