विमा महामंडळातली नोकरी आणि नोकरीबाहेरची माणसे

मार्च महिन्याचा अखेरचा आठवडा आला की भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या शाखांचे रूप पालटते. एरवी पाच-सहाच्या सुमारास ओस पडणाऱ्या कचेरीत रात्रीपर्यंत दिवे जळत असतात. टेबलांवर प्रस्ताव अर्जांचे गठ्ठे साचलेले असतात, विकास अधिकारी मोबाइल कानाला लावूनच जिने चढत-उतरत असतात आणि शाखा व्यवस्थापकांच्या दालनात वर्षाचे उद्दिष्ट व प्रत्यक्ष पूर्ती यांची वजाबाकी दर तासाला नव्याने मांडली जाते. रविवार आला तरी शाखा उघडी राहू शकते. याच शाखेच्या दुसऱ्या कोपऱ्यात दावा विभागाचे टेबल असते. तेथे मार्च काय आणि जुलै काय, दृश्य सारखेच. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि समोर खुर्चीच्या कडेला बसलेली एक स्त्री. गजबजलेला कोपरा विमा विकतो; शांत कोपरा तो चुकता करतो. या संस्थेत काम करणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या दोन कोपऱ्यांमधले अंतर पाहावे लागते.

महामंडळात काम करणारी माणसे किती, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. वेतनपटावरील अधिकारी, विकास अधिकारी आणि लिपिक वर्ग मिळून ही संख्या एक लाखाच्या आसपास आहे. विमा प्रतिनिधींची, म्हणजे लोकांच्या भाषेत एजंटांची संख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात जाते. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना 'एलआयसीचा माणूस' म्हणून जो ठाऊक असतो तो बहुधा या दुसऱ्या गटातला. त्याच्या बॅगेवर महामंडळाचे बोधचिन्ह असते, बोलण्यात 'आमच्या महामंडळात' असा आपलेपणा असतो. पण तो महामंडळाचा नोकर नसतो. त्याला पगार नाही, रजा नाही, बदली नाही. जे आहे ते कमिशन.

ही रचना महामंडळापेक्षा जुनी आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून देशातील आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले, तेव्हा २४५ लहानमोठ्या संस्था त्या जाळ्यात आल्या. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी तो निर्णय जाहीर केला. मात्र १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळाचे प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा ते मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्यापूर्वीच राजीनामा दिला होता. खासगी कंपन्या गेल्या, पण दारोदार फिरून कमिशनवर विमा विकण्याची त्यांची पद्धत राहिली.

वेतनपटावरील माणसांचे जग त्या मानाने परिचित आहे. मराठी मध्यमवर्गात एलआयसीची नोकरी बँकेच्या नोकरीच्या बरोबरीने मोजली गेली. मुंबईत नरिमन पॉइंटला असलेल्या 'योगक्षेम' या मुख्यालयापासून तालुक्याच्या शाखेपर्यंत श्रेणीची एकच उतरंड आहे. कर्मचाऱ्यांची संघटना महामंडळाहून वयाने मोठी. तिची स्थापना १९५१ साली मुंबईत झाली. साठच्या दशकात संगणकाविरुद्ध या कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कोलकात्यात, मोठा लढा दिला. पुढे नव्वदच्या दशकात संगणक शाखाशाखांत पोहोचला आणि जाडजूड लेजरे माळ्यावर गेली. मार्च २०२४ मध्ये सरकारने १७ टक्के वेतनवाढ मंजूर केली आणि ती ऑगस्ट २०२२ पासून लागू झाली. तरीही एप्रिल २०१० नंतर रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, ही सल शाखेतल्या चहाच्या वेळी हमखास निघते. बदली आणि बढती हा दुसरा विषय. बढती हवी तर गाव सोडावे लागते. त्यामुळे ती नाकारून वर्षानुवर्षे त्याच टेबलावर बसणारे अनुभवी सहायक अनेक शाखांत आढळतात. खरे तर शाखेचा कारभार बऱ्याचदा त्यांच्याच स्मरणशक्तीवर चालतो.

पगारी माणूस आणि कमिशनवरचा माणूस यांच्या सांध्यावर विकास अधिकारी उभा असतो. त्याने एजंट शोधायचे, त्यांना शिकवायचे, त्यांच्याकडून व्यवसाय आणवायचा. नोकरी कायम असली तरी ती सरकारी अर्थाने निवांत नाही. त्याच्यावर होणारा खर्च त्याच्या एजंटांनी आणलेल्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यांच्या ठरावीक प्रमाणात बसावा लागतो. तो बसला नाही तर वेतनवाढ रोखली जाण्यापासून थेट सेवासमाप्तीपर्यंतच्या तरतुदी नियमांत आहेत. मार्चमधल्या त्या फोनांमागची धास्ती ही अशी आहे.

आता एजंटाच्या कामाकडे पाहू. दरवर्षी किमान बारा जणांचा विमा उतरवणे ही एजन्सी टिकवण्याची जुनी अट. त्याच्या वाट्याला येणारी विषम गोष्ट मात्र वेगळीच आहे. विमा प्रस्तावासोबत त्याला एक गोपनीय अहवाल द्यावा लागतो. प्रस्तावकाला आपण किती वर्षे ओळखतो, त्याचे उत्पन्न काय असावे, प्रकृती कशी दिसते, काही आजार किंवा व्यसन आहे काय, हे त्यात लिहायचे असते. जोखीम पारखणारा पहिला माणूस तोच. म्हणजे ज्याची मिळकत पॉलिसी होण्यावर अवलंबून, त्यानेच ती का होऊ नये हे कळवायचे. घरी चहा आलेला असतो, अर्ज अर्धा भरून झालेला असतो आणि यजमान हलकेच विचारतात, "साहेब, ते शुगरचं लिहायलाच हवं का? गोळी तर अर्धीच घेतो." त्या क्षणी लेखणी कोणत्या रकान्यात जाते, यावर काही वर्षांनी दावा विभागातल्या टेबलावर काय घडेल हे ठरते.

कारण विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत निश्चित झाली. मृत्यू त्याआधी ओढवला तर मात्र चौकशी होते. रुग्णालयाची कागदपत्रे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नोकरदार असल्यास कचेरीतून रजांचा तपशील मागवला जातो. कधी अधिकारी गावात जाऊन शेजाऱ्यांशी बोलून येतो. पॉलिसी बंद पडून पुन्हा सुरू केलेली असेल तर ही तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात, हे अनेक विमाधारकांना ठाऊक नसते. चौकशीला जाणाऱ्या अधिकाऱ्याचे काम कोणालाच आवडणारे नाही. पंधरा दिवसांपूर्वी घरातला कर्ता गेलेला आणि याने विचारायचे, त्यांना साखर केव्हापासून होती? एजंटाने न लिहिलेली ओळ शोधण्यासाठीच तो आलेला असतो.

दुसरी विषमता पैशाची. दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीवर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या २५ टक्के कमिशन आणि पात्र एजंटास त्यावर ४० टक्के बोनस, असा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला. तीस हजारांच्या वार्षिक हप्त्यावर त्याला पहिल्या वर्षी साडेदहा हजार मिळत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्क्यांनी सव्वादोन हजार आणि पुढे पाच टक्क्यांनी दीड हजार. नवे गिऱ्हाईक शोधण्यात जे होते ते जुने सांभाळण्यात नव्हते. पहिल्या कमिशनातला वाटा ग्राहकालाच परत देऊन पॉलिसी 'काढायची' आणि दुसऱ्या हप्त्याची फिकीर करायची नाही, ही वाट यातूनच पडली. अशी सूट देणे कलम ४१ ने निषिद्ध आहे. १९३८ च्या कायद्यातला पाचशे रुपयांचा दंड २०१५ मध्ये दहा लाखांपर्यंत नेला गेला. तरीही 'पहिल्या हप्त्यात किती सोडणार?' हा प्रश्न सुशिक्षित घरांतही निःसंकोच विचारला जातो. ग्राहकाला तो आपला चाणाक्षपणा वाटतो. एजंटाला त्या घरी पुन्हा जाण्याचे कारण मात्र उरत नाही.

सर्वच एजंट असे नसतात, हे सांगायलाच हवे. वीस-तीस वर्षे एकाच पेठेत फिरून तीन पिढ्यांचे विमे सांभाळणारे, हप्त्याची तारीख पावतीपेक्षा आधी आठवण करून देणारे लोक आजही आहेत. अशांच्या हिशेबात जुन्या पॉलिसींचे नूतनीकरण कमिशन हीच खरी कमाई असते. नियमांत बसल्यास त्यांच्या मृत्यूनंतर ते वारसांनाही मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. नोकर नसलेल्याला ग्रॅच्युइटी, ही या संस्थेतली आणखी एक खास गोष्ट.

ऑक्टोबर २०२४ पासून दोन बदल झाले. नव्या पॉलिसी एका वर्षाच्या हप्त्यानंतरही परत केल्यास विमाधारकाला काही रक्कम मिळू लागली, आणि महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन घटवून पुढल्या वर्षांचे वाढवले. एजंटांच्या संघटनांनी विरोध केला. नव्या माणसाचा पहिल्या दोन वर्षांचा तग यामुळे अवघड होतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पॉलिसी टिकवण्यात एजंटाचा स्वार्थ गुंतावा, ही दिशाही चुकीची म्हणता येत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे सुरू झालेल्या 'विमा सखी' योजनेत दहावी उत्तीर्ण स्त्रियांना पहिल्या वर्षी दरमहा सात हजार, मग सहा आणि पाच हजार असे विद्यावेतन ठेवले आहे. दुसऱ्या वर्षीचे सहा हजार तेव्हाच, जेव्हा पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असतील. या सख्याही नोकर नाहीत. तसे योजनेत स्पष्ट लिहिले आहे.

शांत कोपऱ्यातले काम यांपैकी कशानेही फारसे बदललेले नाही. मोठी दुर्घटना घडली की नियम सैल होतात. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातानंतर मृत्यूच्या दाखल्याऐवजी सरकारी नोंदीतला पुरावाही चालेल, असे महामंडळाने जाहीर केले. एरवी मात्र दाखल्यावरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल थांबते. टेबलामागचा सहायक जुना असेल तर तो खुर्ची पुढे ओढून म्हणतो, "ताई, घाबरू नका. हे एवढं प्रतिज्ञापत्र करून आणा, बाकी मी बघतो." मग तो सवयीने विचारतो, "एजंट कोण होते तुमचे?" पुष्कळदा ताईंना नाव आठवत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर त्याचा सांकेतिक क्रमांक असतो. सहायक तो संगणकात घालून पाहतो. एजन्सी संपून आठ वर्षे झालेली असतात.