‘ॲव्हरेज’ : एक शब्द आणि जुन्या मोटारीचा इंधनव्यय

मोटार बाळगणाऱ्या मराठी माणसास विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा असतो. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘सरासरी’ एवढाच; ती कशाची, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. मराठीत मात्र एक लिटर इंधनावर गाडी जितके किलोमीटर धावते ती संख्या, एवढ्या एकाच अर्थापुरता तो संकुचित झाला आहे. हा अर्थसंकोच इतका पुरा झाला आहे की, त्याच्या जागी ‘सरासरी’ हा शब्द घालून पाहिल्यास वाक्य दुर्बोध होते. ‘गाडीची सरासरी उतरली’ असे कोणी म्हणत नाही. त्याच्या जोडीस वावरणारा ‘मायलेज’ हा शब्दही असाच लक्षणीय आहे. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर यथावकाश मैलांचे दगड गेले, गॅलनही गेला. शब्दात मात्र मैल अद्यापि टिकून आहे.

अर्थ संकोचला म्हणून व्यवहारात अडचण येते असे सहसा होत नाही. येथे मात्र ती येते. आणि जुन्या गाडीच्या मालकास तिची किंमत रोख मोजावी लागते. कारण ‘ॲव्हरेज’ या शब्दातून जो अंश गळून पडला आहे तोच, म्हणजे अनेक मोजण्यांवरून काढलेली सरासरी, रोगनिदानाच्या दृष्टीने आवश्यक असतो. दुसरी अडचण क्रियापदांची आहे. गाडी ॲव्हरेज ‘देते’, पेट्रोल ‘पिते’ किंवा ‘खाते’. या प्रयोगांत कर्तृत्व सर्वस्वी गाडीकडे जाते. रस्ता, चालक, टायर व इंधन यांना वाक्यात स्थानच उरत नाही. शिवाय जी पिते तिला तोंड असलेच पाहिजे. हे तोंड म्हणजे कार्बोरेटर, अशी गॅरेजातील सार्वत्रिक समजूत असून ॲव्हरेज उतरले की प्रथम त्याचेच स्क्रू फिरू लागतात. रूपकाने विचारास दिशा दिल्याची उदाहरणे अर्थविचाराच्या ग्रंथांत पुष्कळ मिळतात. रूपकामुळे पान्याला दिशा मिळाल्याचे हे उदाहरण त्यांत घालण्यासारखे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक विशिष्ट गाडी डोळ्यांपुढे ठेवणे बरे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट कंपनीच्या ११००-डी या नमुन्याची गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्धीस आली. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, कार्बोरेटर आणि चारही चाकांना ड्रम-ब्रेक अशी तिची साधी रचना होती. मुंबईच्या टॅक्सी-व्यवसायातून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली; हौशी मालकांच्या दारात मात्र ती अजून उभी दिसते.

अशा गाडीचे ॲव्हरेज उतरले आहे हे प्रथम सिद्ध झाले पाहिजे. मालकाची तक्रार बहुधा पेट्रोलच्या काट्यावर किंवा पाचशे रुपयांच्या पेट्रोलवर आधारलेली असते. या दोहोंना पुरावा म्हणता येत नाही. टाकी काठोकाठ भरावी, अंतरमापकावरील आकडा टिपावा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरून लिटर नोंदवावे. असे निदान तीन वेळा करावे. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असल्यास अंतरमापक कमी अंतर दाखवतो आणि दोष नसताना दोष दिसतो. म्हणून रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी तो एकदा ताडून पाहणे इष्ट.

यानंतर सरासरी काढताना सुशिक्षितांचीही गफलत होते. समजा, १८० किलोमीटरच्या एका टप्प्यात गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले व तेवढ्याच दुसऱ्या टप्प्यात ९ दिले. सरासरी १२ नव्हे. पहिल्या टप्प्यास १२ लिटर लागले, दुसऱ्यास २०. म्हणजे ३६० किलोमीटरला ३२ लिटर, अर्थात् लिटरला ११.२५. एकूण अंतरास एकूण लिटरांनी भागणे हाच योग्य मार्ग होय. याच मापाचा दुसरा भ्रम रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिला. लिटरला १६ देणारी गाडी २० देऊ लागली, तर हजार किलोमीटरमागे साडेबारा लिटर वाचतात. ८ देणारी १० देऊ लागली, तर पंचवीस लिटर वाचतात. ‘दोनानेच वाढले’ म्हणून हिणवली जाणारी सुधारणा चारांच्या सुधारणेहून दुप्पट मोलाची ठरते. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागले असे उलट मोजतात. त्या मापात हा भ्रम संभवत नाही.

जुन्या वहीतील आकडे आजच्या आकड्यांशी ताडताना इंधनही बदलले आहे, याचे भान ठेवावे लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारतात २०२५ मध्ये गाठले गेले. समान आकारमानाच्या इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. मुळात निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता या नव्या इंधनाने सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे. तेव्हा पूर्वी १२ देणारी पद्मिनी आता ११.२ च्या आसपास देत असेल, तर तिच्यात बिघाड शोधणे व्यर्थ होय. मात्र इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागत असल्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण विरळ पडते, आणि जुन्या रबरी नळ्यांना हे इंधन मानवत नाही. त्या नळ्या बदलून घेणे हा काटकसरीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

घट याहून मोठी असेल, तर तपासाचा आरंभ कार्बोरेटरच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे चाकांकडून करावा. ड्रम-ब्रेकच्या जुन्या गाडीत ब्रेक सोडल्यावरही पट्टे ड्रमला घासत राहणे ही नित्याची गोष्ट आहे. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवावे. किंवा ब्रेक शक्यतो न वापरता पाच-सात किलोमीटर चालवून, प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा तापलेले आढळल्यास पेट्रोलला वाट कोठे फुटली ते कळते. टायरांतील हवा व चाकांची समांतरता यांविषयी सर्वजण जाणतात, पाहतात थोडे. टपावरील कॅरियर शहरातील गतीला फारसा जाणवत नाही, परंतु वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे महामार्गावर त्याचे भाडे भरावे लागते.

इंजिनाकडे वळताच एक वेगळाच प्रकार आढळतो. पाणी सुमारे ८० अंश तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप इंजिनात असते. ‘आपल्या हवेत ती लागत नाही’ असे सांगून ती काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडील अनेक गॅरेजांत आहे, आणि हे उत्तर काहीशा अभिमानानेच दिले जाते. परिणाम असा की, इंजिन सावकाश तापते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, तेल दाट राहते आणि चालक चोक ओढून ठेवतो. रोज चार-सहा किलोमीटर फिरणारी गाडी तर अशा स्थितीत जवळजवळ सगळे अंतर थंड इंजिनानेच तोडते. ज्या भीतीपोटी झडप काढली जाते ती इंजिन तापण्याची भीती बहुधा गाळ धरलेल्या रेडिएटरमुळे किंवा सैल पट्ट्यामुळे निर्माण झालेली असते. ते दुरुस्त करणे कष्टाचे, झडप काढणे सोपे. परीक्षा साधी आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर, पंख्यापासून जपून, हात ठेवावा. ती काही मिनिटे थंड राहून मग एकाएकी तापली, तर झडप काम करीत आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली, तर ती काढलेली आहे किंवा उघडी अडकली आहे.

ठिणगीचा विचार यानंतरचा. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची टाच झिजली की त्यांतील फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी ‘उठत नाही’, म्हणून चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो. वेगाबरोबर ठिणगी अलीकडे आणणारी आतील वजने गंजून बसली असली, तरी हाच अनुभव येतो. प्लग काढून पाहिल्यास मिश्रणाचा इतिहास त्यावर लिहिलेला सापडतो : काळी कोरडी काजळी असल्यास मिश्रण गाढे, पांढुरके टोक असल्यास विरळ, फिकट तपकिरी रंग असल्यास ठीक.

काळा प्लग आढळला म्हणजे मात्र कार्बोरेटर उघडण्यास अधिकार प्राप्त होतो. पुरता न मिटणारा चोक, झिजलेली सुई व त्यामुळे वर चढलेली फ्लोटची पातळी, आणि तारेने साफ करता करता रुंदावलेले जेट हे तेथील नेहमीचे दोष. हवेची जाळी तुंबल्याने इंधनक्षमता घटते हा समज कार्बोरेटरच्या गाड्यांपुरता खरा आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत संगणक-नियंत्रित इंधनपुरवठ्याच्या गाड्यांवर तिचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही.

इतके करूनही आकडा हलला नाही, तर ‘कॉम्प्रेशन गेले’ हे वाक्य ऐकू येते. हेही एका शब्दात दोन अर्थ लपवणारे वाक्य होय. चारही सिलिंडरांचा दाब मापकाने मोजून, जो कमी भरेल त्यात चमचाभर इंजिन-तेल घालून तो पुन्हा मोजावा. तेलाने दाब वाढला, तर दोष पिस्टनच्या रिंगांत आहे आणि इंजिन पूर्ण उघडावे लागेल. वाढला नाही, तर तो बहुधा व्हॉल्व्हमध्ये असून केवळ हेड उतरवून काम भागते. या दोन कामांच्या खर्चात मोठे अंतर आहे, म्हणून ही दुसरी मोजणी आपल्या डोळ्यांसमोर करवून घेतल्याविना मालकाने कोणत्याही अंदाजपत्रकास होकार देऊ नये.