‘गरोदरपणात असं व्हायचंच’?

रिओ ऑलिम्पिकमध्ये 2016 साली अमेरिकेच्या चौघींनी चार बाय शंभर मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकलं. पुढे त्यांच्यातल्या तिघींना दिवस गेले आणि तिघींवरही गंभीर प्रसंग ओढवला. अ‍ॅलिसन फेलिक्सला 2018 मध्ये, 32व्या आठवड्यातल्या नेहमीच्या तपासणीत तीव्र प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार, असल्याचं आढळलं. तातडीने सिझेरियन झालं, मायलेकी वाचल्या. टोरी बोवी 2023 मध्ये आठव्या महिन्यात घरीच दगावली. शवविच्छेदन अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लॅम्पसियाचा, म्हणजे याच आजारात येणाऱ्या झटक्यांचा, उल्लेख होता.

गैरसमज : धडधाकट बाईला असलं काही होत नाही.
वस्तुस्थिती : पहिलटकरीण, जुळी बाळं, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धोका जास्त. पण यातलं काहीच नसतानाही हा आजार गाठू शकतो.

गैरसमज : सूज, डोकेदुखी, पित्त हे तर चालायचंच.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि म्हणूनच निदान हुकतं. चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक आलेली सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणारे काजवे यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायला हवा. पित्ताची गोळी घेऊन दाबलेलं उजव्या बरगडीखालचं दुखणं यकृताचंही असू शकतं. ‘हेल्प सिंड्रोम’ या प्रीएक्लॅम्पसियाच्या गंभीर रूपात तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते, प्लेटलेट घटतात.

गैरसमज : बीपी वाढलं की कळतंच.
वस्तुस्थिती : अनेकदा काहीच जाणवत नाही. 20व्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिनं आढळली, तर निदान पक्कं होतं. प्रथिनं नसली तरी रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट, यकृत किंवा मूत्रपिंडाचा बिघाड दिसला तर तोही प्रीएक्लॅम्पसियाच.

गैरसमज : बाळंत झाली, सुटली.
वस्तुस्थिती : वार पडली की आजार ओसरू लागतो, पण लगेच नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो डोकं वर काढू शकतो. तेव्हा बाळंतिणीची डोकेदुखी जागरणावर किंवा पाठीतल्या भुलेच्या इंजेक्शनवर ढकलली जाते.

वेळेत ओळखलं तर उपाय आहे, आणि तो महागही नाही. 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने 2002 मध्ये दाखवलं, की मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्याकडे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब आणि लघवीची तपासणी त्यातच येते.